ग्योंगजू: टेकाडांपासून समुद्रापर्यंत, सिल्ला राजांच्या थडग्यांचा माग

ग्योंगजूला येणारे बरेचसे पाहुणे सकाळच्या गाडीने येतात, बुलगुकसा मंदिर आणि सॉकगुरामचा बुद्ध पाहतात, संध्याकाळी वॉलजी तळ्याकाठचे दिवे बघतात आणि परत फिरतात. शहराच्या मधोमध उभी असलेली हिरवी टेकाडं त्यांना बागेची सजावट वाटतात. खरं तर हीच या गावाची पहिली ओळख आहे. दक्षिण कोरियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या या खोऱ्यात सिल्ला राज्याची राजधानी होती. परंपरेने हे राज्य इ.स.पू. 57 ते इ.स. 935 असं मोजतात. 56 राजे-राण्या झाल्या, आणि एवढ्या काळात राजधानी हलली नाही. त्यामुळे राजाला कसं पुरायचं हे शतकागणिक कसं बदलत गेलं, ते इथे एकाच गावात पायी फिरून पाहता येतं. आधी भर वस्तीत दगड-मातीची प्रचंड टेकाडं, मग डोंगराच्या पायथ्याला दगडी खोल्या, मग दहन, आणि एक राजा तर थेट समुद्रात. सहल आखताना हाच क्रम धरावा. बुलगुकसापासून सुरुवात केली तर शेवट आधी वाचल्यासारखं होतं.

भारतीय पासपोर्टला कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. सोलहून केटीएक्स या वेगवान गाडीने ग्योंगजू साधारण दोन तास. स्टेशन मात्र जुन्या गावापासून सुमारे 10 किलोमीटर लांब आहे. 2021 पर्यंत त्याचं नाव सिनग्योंगजू होतं, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत तेच सापडतं, आणि गावातलं जे जुनं स्टेशन त्यांत दाखवलेलं असतं ते आता बंद आहे. बुसानहून येणाऱ्यांना बस सोयीची: तासाभरात पोचते, आणि बसस्थानकापासून टेकाडं पायी दहा-पंधरा मिनिटांवर. कोरियात गुगल मॅप पायी जायचा रस्ता नीट दाखवत नाही, म्हणून नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप उतरवून घ्यावा. बससाठी टी-मनी कार्ड घ्यावं आणि उतरतानाही टेकवावं, नाहीतर पुढच्या बसला बदलीची सवलत मिळत नाही.

मुक्काम ह्वांगनाम भागात, टेकाडांच्या शेजारी करावा. तिथल्या जुन्या पद्धतीच्या घरांत जमिनीवर पातळ गादी घालून झोपायचं असतं, आणि थंडीत जमीन खालून तापवलेली असते. गुडघे दुखणाऱ्यांनी खोली ठरवतानाच पलंग आहे का ते विचारावं.

पहिला दिवस: भर गावातली टेकाडं

सुरुवात देरुंगवॉन या मोठ्या बागेपासून न करता रस्त्यापलीकडच्या नोदोंग-नोसो भागापासून केली. इथे कुंपण नाही, तिकीट नाही. दुकानांच्या ओळी संपतात आणि गवताचा मोकळा पट्टा सुरू होतो. समोर बोंगह्वांगदे उभं राहतं. एकट्याने उभ्या असलेल्या टेकाडांत हे सर्वांत मोठं: व्यास 82 मीटर, उंची 22 मीटर. त्याच्या अंगावर जुनी झेलकोवाची झाडं वाढली आहेत. मुळं खोल गेलीत, खोडं उताराच्या काटकोनात न वाढता सरळ आकाशाकडे वळली आहेत. हे टेकाड अजून उकरलेलं नाही. टेकाडांवर चढायला मनाई आहे आणि दंड होतो. कोवळ्या गवताखालची माती पावलांनी सैल झाली की पावसाळ्यात उतार घसरतो, हे त्यामागचं साधं कारण.

शेजारीच 1921 साली एका घराचं बांधकाम वाढवताना माती काढली गेली आणि मणी बाहेर आले. पोरं मणी घेऊन खेळताना दिसली, चौकशी झाली आणि पहिला सोन्याचा मुकुट सापडला. म्हणून या थडग्याचं नाव गुमग्वानचोंग, सोन्याच्या मुकुटाचं थडगं. दुर्दैव असं की त्या वेळी पुरातत्त्व जाणणारं कोणी हजर नव्हतं. चार दिवसांत घाईघाईने वस्तू उपसल्या गेल्या आणि कोणती वस्तू कुठे, कोणत्या थरात होती याची नोंदच राहिली नाही. आणखी एक गोष्ट जवळजवळ शतकभर कोणाला दिसली नाही: त्यातल्या एका तलवारीच्या म्यानावरचा गंज काढल्यावर 2013 मध्ये ‘इसाजी राजा’ ही अक्षरं निघाली. इतिहासाच्या ग्रंथांत या नावाचा राजा नाही, त्यामुळे हा कोण यावर वाद चालू आहे. 2015 मध्ये ही जागा पुन्हा शास्त्रशुद्ध उकरली गेली. आता तिथे एक छोटं प्रदर्शनगृह आहे आणि त्यात थडग्याचा लाकडी सांगाडा पूर्ण आकारात उभा केलेला आहे. पुढचं सगळं समजायला हा सांगाडा फार उपयोगी पडतो, म्हणून तो आधी पाहावा.

सॉबोंगचोंगही याच पट्ट्यात आहे. 1926 च्या उत्खननात त्या वेळी दौऱ्यावर आलेले स्वीडनचे युवराज गुस्ताफ अडॉल्फ स्वतः सहभागी झाले होते. ते स्वतः पुरातत्त्वाचे अभ्यासक. थडग्याच्या नावातलं पहिलं अक्षर स्वीडनवरून आणि दुसरं मुकुटावरच्या पक्ष्यावरून घेतलं आहे.

मग रस्ता ओलांडून देरुंगवॉन. साडेबारा हेक्टरच्या या बागेत 23 टेकाडं आहेत. 2023 पासून बागेत जायला पैसे पडत नाहीत. फक्त चॉनमाचोंगच्या आत जायचं तर 3000 वॉनचं तिकीट. ते काढावंच, कारण टेकाडाच्या पोटात शिरून त्याची रचना पाहता येते ती इथेच.

रचना अशी. जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात जाड लाकडाची खोली उभारायची. चॉनमाचोंगची खोली 6.6 मीटर लांब, 4.2 मीटर रुंद आणि सुमारे 2.1 मीटर उंच होती. आत शवपेटी, मृताचं डोकं पूर्वेला, आणि डोक्याशी वस्तूंनी भरलेली वेगळी पेटी. खोलीला दार नाही, वाट नाही. सगळं वरून ठेवायचं आणि छत लावून टाकायचं. मग खोलीच्या चारी बाजूंनी आणि वर नदीतले गोटे रचायचे, साधारण नारळाएवढे. या दगडी ढिगाचीच उंची सात मीटरच्या वर जाते. त्यावर पाणी आत जाऊ नये म्हणून चिकणमातीचा थर लिंपायचा, त्यावर माती टाकून टेकाड करायचं, आणि माती पसरू नये म्हणून पायथ्याशी दगडांची कड बसवायची. पूर्ण झाल्यावर चॉनमाचोंगचा व्यास 47 मीटर आणि उंची 12.7 मीटर.

या रचनेत बिघाड ठरलेलाच असतो. काही दशकांत लाकूड कुजतं, वरच्या दगडांना आधार राहत नाही, सगळा ढीग खोलीत कोसळतो आणि टेकाडाचा माथा खचतो. आतली भांडी फुटतात, सोन्याच्या वस्तू चेपतात. पण याच कोसळण्यामुळे थडगं वाचतं. चोराने वरून बोगदा खणला तर सुटे गोटे सतत त्याच्या अंगावर येत राहतात. बाजूने शिरायला वाट नाही. शेजारच्या गोगुर्यो आणि बेकजे राज्यांत दगडी खोलीला वाट ठेवायची पद्धत होती, तिथली बरीच थडगी जुन्या काळातच लुटली गेली. सिल्लाच्या थडग्यांत मात्र वस्तू चेपलेल्या असल्या तरी जागच्या जागी सापडल्या.

आपल्याकडे नागपूरजवळच्या जुनापाणी, माहूरझरीची शिलावर्तुळं पाहिलेल्यांना दगडांचा हा ढीग ओळखीचा वाटेल. तिथेही मृताबरोबर लोखंडी अवजारं ठेवत आणि काही ठिकाणी घोड्याचा तांब्याचा साज सापडला आहे. काळ वेगळा, माणसं वेगळी, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण विदर्भ पाहून इथे आलेला माणूस दगडांकडे जास्त वेळ बघतो.

चॉनमाचोंग 1973 मध्ये उकरलं गेलं, आणि तेही सराव म्हणून. सरकारला शेजारचं सर्वांत मोठं थडगं उघडायचं होतं. एवढं प्रचंड काम थेट हाती घ्यायला अभ्यासक तयार नव्हते, म्हणून आधी हे लहान, 155 क्रमांकाचं थडगं निवडलं. त्यातून साडेअकरा हजार वस्तू निघाल्या. सोन्याचा मुकुट निघालाच, पण नाव पडलं ते घोड्याच्या चित्रावरून. खोगिराच्या दोन्ही बाजूंना चिखल उडू नये म्हणून लटकवायचे फलक बर्च झाडाच्या सालीचे थर एकमेकांना शिवून केलेले होते, आणि त्यांवर पांढरा, उधळलेला प्राणी रंगवला होता. साल आणि रंग दोन्ही नाजूक, त्यामुळे मूळ चित्र क्वचितच प्रदर्शनात येतं. आत दिसतात त्या प्रतिकृती. तिथे काचेसमोर गर्दी होते, पण खरं पाहायचं ते मागे, वरच्या बाजूला: कापलेल्या टेकाडाचा छेद, माती, चिकणमाती आणि गोटे यांचे थर.

जवळच ह्वांगनामदेचोंग. दोन टेकाडं एकमेकांना चिकटलेली: लांबी 120 मीटर, रुंदी 80, उंची 22-23 मीटर. दार नसलेलं थडगं पुन्हा उघडता येत नाही, म्हणून राणीसाठी शेजारी दुसरं टेकाड जोडावं लागलं. दक्षिणेचं आधीचं आणि पुरुषाचं. उत्तरेचं नंतरचं, त्यात चांदीच्या पट्ट्याच्या टोकावर ‘बाईसाहेबांचा पट्टा’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेली सापडली. सोन्याचा मुकुट उत्तरेच्या, बाईच्या थडग्यात होता. पुरुषाच्या थडग्यात मुकुट सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. मुकुट फक्त राजालाच, ही समजूत इथे ढासळते. दक्षिणेच्या थडग्यात एका तरुण मुलीचे अवशेषही होते, ती मृताबरोबर पुरली गेली असं मानतात. राजा जिजुंगने 502 साली ही नरबळीची चाल बंद केली.

इथे टेकाडांच्या मधे मॅग्नोलियाचं झाड आहे आणि तिथे फोटोसाठी रांग लागते. शनिवार-रविवारी ती अर्ध्या तासाची असते. रांगेत उभं राहण्यापेक्षा सकाळी नऊला बाग उघडताच यावं, किंवा रात्री. बाग दहापर्यंत उघडी असते.

दुसरा दिवस: राजवाडा, वेधशाळा आणि संग्रहालय

सकाळी देरुंगवॉनच्या पूर्वेला ज्जोकसेम भागात गेलो. तिथे 44 क्रमांकाच्या थडग्यावर घुमटासारखं छप्पर टाकून अनेक वर्षं उत्खनन चाललं आणि लोकांना ते पाहता येत होतं. हे एका तरुण राजकन्येचं थडगं असावं असं अभ्यासक म्हणतात. ‘गो’ या पटावरच्या खेळाच्या आठशेहून अधिक सोंगट्या तिच्या पायाशी ठेवलेल्या होत्या, रंगीत नव्हे, तर नदीतले नैसर्गिक काळे-पांढरे-करडे खडे. चॉनमाचोंगमध्ये रचना आकृतीतून समजते, इथे मोठ्या दगडांच्या राशीसमोर उभं राहून तिचं वजन समजतं.

तिथून दक्षिणेला चॉमसॉंगदे. राणी सॉनडॉकच्या काळात (632 ते 647) बांधलेला हा सुमारे 9 मीटर उंच दगडी मनोरा. गोल अंगाच्या 27 रांगा, मधोमध दक्षिणेकडे तोंड केलेली चौकोनी खिडकी. खिडकीच्या पातळीपर्यंत आतून माती भरलेली आहे, वर जायला बाहेरून शिडी लावत असावेत. वेधशाळा म्हणून तो ओळखला जातो. पाच मिनिटांत पाहून होतो, पण त्याच्याभोवतीच्या मोकळ्या मैदानातून चारी बाजूंची टेकाडं एका नजरेत येतात. गावाची मांडणी समजायला याहून चांगली जागा नाही.

मैदानापुढचा उंचवटा म्हणजे वॉलसॉंग, राजवाड्याची जागा. वर झाडं आणि उत्खननाचे खड्डे, राजवाड्याची इमारत एकही नाही. 2017 मध्ये पश्चिमेच्या तटाच्या पायाखाली दोन माणसांचे सांगाडे सापडले, तट पक्का व्हावा म्हणून दिलेला बळी. नरबळी थडग्यात होता तसा बांधकामातही होता, हे त्यातून दिसलं.

दुपार पूर्ण संग्रहालयासाठी ठेवावी. राष्ट्रीय संग्रहालयाची ग्योंगजू शाखा, प्रवेश मोफत, साधारण दहा ते सहा. सिल्लाचे सहा सोन्याचे मुकुट ज्ञात आहेत. ते एरवी ग्योंगजू आणि सोलमध्ये विभागलेले असतात. इथल्यांत गुमग्वानचोंगचा आणि चॉनमाचोंगचा. चॉनमाचोंगचा मुकुट 32.5 सेंटिमीटर उंच आहे. समोर झाडाच्या फांद्यांसारखे तीन उभे पट्टे, मागे सांबराच्या शिंगांसारखे दोन, आणि सगळ्यांवर लटकणारे स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे जेड खडे. काचेच्या जवळ जाऊन पट्ट्याची कड पाहा. सोन्याचा पत्रा इतका पातळ आहे की डोक्यावर घालून चालल्यास तो डोलेल. कडेने बारीक ठिपक्यांची ओळ ठोकली आहे, आणि लटकन बांधायची तार मागे पीळ देऊन तशीच सोडली आहे. थडग्यात हा मुकुट डोक्यावर नव्हता, तो चेहऱ्यावर हनुवटीपर्यंत उतरवलेला होता. म्हणून तो जिवंतपणी वापरायचा की फक्त पुरण्यासाठी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

ह्वांगनामदेचोंगमधला पक्ष्याच्या डोक्याचा काचेचा चंबू मात्र सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परतीच्या वाटेवर तो पाहायलाच हवा. भूमध्य समुद्राकडून आलेली काच, मूठ तुटली तेव्हा सिल्लाच्या सोनाराने तिला सोन्याची तार गुंडाळून जोडली. सोनं घरचं होतं, काच परकी होती. कोणती वस्तू जास्त मोलाची मानली गेली ते त्या तारेवरून कळतं.

अंगणात 771 साली ओतलेली घंटा आहे: वजन 18.9 टन, उंची 3.66 मीटर. तिला इजा होऊ नये म्हणून आता एरवी वाजवत नाहीत, ठराविक वेळी तिच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. ते ऐकताना आवाज मोठा-लहान होत राहतो तिकडे लक्ष द्यावं. घंटेची जाडी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे दोन जवळजवळ सारखे स्वर एकदम निघतात आणि एकमेकांत मिसळून हा ठोका तयार होतो.

पायांत बळ असेल तर ह्वांगन्योंगसा मंदिराची जागा गाठावी. नऊ मजली लाकडी मनोरा 645 च्या सुमारास पूर्ण झाला, उंची सुमारे 80 मीटर होती. 1238 मध्ये मंगोलांनी जाळला. उरले आहेत पायाचे दगड, आठ-आठच्या ओळी. त्या दगडांतून चालत गेलं की चौथऱ्याचा आकार पायांना कळतो. शेजारच्या बुनह्वांगसात 634 चा, विटांसारख्या कापलेल्या दगडांचा स्तूप-मनोरा आहे, तीन मजले शिल्लक.

रात्री वॉलजी तळं. 674 मध्ये खणलेलं, काठ असा वळवलेला की कुठूनही उभं राहिलं तरी पूर्ण तळं दिसत नाही. अंधार पडल्यावर पहिला तास तुफान गर्दी. नऊनंतर शांत.

खाण्याबद्दल इथेच. शाकाहारी माणसाने ‘कोगी प्पेजुसेयो’, मांस काढून द्या, एवढं पाठ करावं, आणि बिबिमबापवरचं, म्हणजे भाज्या घातलेल्या भातावरचं, अंडंही वेगळं सांगावं. पण सूप आणि रश्श्याचं पाणी बहुधा सुक्या मासळीचं असतं, आणि किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीतही, मासळी किंवा कोळंबीचा खार असतो. ते काढून मिळत नाही. ह्वांगनाम-प्पांग हा लाल चवळीसारख्या डाळीच्या गोड पुरणाचा छोटा बन 1939 पासून इथे करतात. पुरण भरपूर, पारी नावालाच.

तिसरा दिवस: डोंगराच्या पायथ्याशी

सहाव्या शतकात सगळं बदललं. 527 मध्ये राजा बॉपहुंगच्या काळात बौद्ध धर्माला राजमान्यता मिळाली. सपाटीवरची जागाही भरत आली होती. लाकडी खोली-दगडाचा ढीग ही पद्धत थांबली. थडगी खोऱ्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर गेली. आत आता दगडी खोली आणि बाजूने यायला वाट: नवरा-बायकोला एकाच खोलीत वेगवेगळ्या वेळी ठेवता येतं, मजूर कमी लागतात, टेकाड लहान होतं. तोटा एकच, वाट चोरालाही सापडते. म्हणून या काळातल्या थडग्यांतून फारसं काही हाती लागलेलं नाही.

हे पाहायला सॉआकदोंग. बसस्थानकापासून नदी ओलांडून पश्चिमेला दोन किलोमीटर. सायकल भाड्याने घेऊन जाणं उत्तम, रस्ता सपाट आहे. राजा मुयॉल 661 मध्ये वारला. सिल्लाच्या राजांची जी थडगी दाखवली जातात त्यांतली अनेक नंतरच्या काळात अंदाजाने नेमलेली आहेत. मुयॉलचं तसं नाही, कारण समोर शिलालेखाचा मुकुटदगड शिल्लक आहे आणि त्यावर त्याचं नाव आहे. मधला लेखाचा दगड हरवला. खालचं कासव आणि वरचे सहा ड्रॅगन राहिले. कासवाजवळ बसून पाहावं: मान पुढे ताणलेली, हनुवटीखाली रंगाची लालसर छटा दगडातच उतरलेली, पुढच्या पायाची पाच बोटं आणि मागच्याची चार. मागे चढावर आणखी चार मोठी टेकाडं एका ओळीत वर चढत जातात. ती कोणाची यावर वाद आहे. बहुतेक लोक मुयॉलपाशीच थांबतात. मागे चालत जावं, ग्योंगजूतलं सर्वांत देखणं दृश्य तिथे आहे, आणि तिथे गर्दी नसते.

दुपारनंतर गावाच्या आग्नेयेला नांगसान. टेकडी ठेंगणी, चढ सोपा, पाइनच्या वाकड्या खोडांतून वाट जाते. वर राणी सॉनडॉकची समाधी. 647 मध्ये वारण्याआधी तिने मला त्रायस्त्रिंश स्वर्गात पुरा असं सांगितलं. दरबाऱ्यांनी तो कुठे ते विचारलं, तर तिने याच टेकडीचं नाव घेतलं. 679 मध्ये पायथ्याशी चतुर्महाराजांचं, म्हणजे चार दिशांच्या रक्षक देवांचं मंदिर, साचॉनवांगसा, बांधलं गेलं. बौद्ध विश्वरचनेत चतुर्महाराजांच्या स्वर्गाच्या बरोबर वर त्रायस्त्रिंश येतो. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात ही गोष्ट आहे, तिच्यात दंतकथेचा भाग किती ते बाजूला ठेवलं तरी भारतात जन्मलेला स्वर्गांचा नकाशा या टेकडीवर उतरवला गेला, हे मात्र जमिनीवर दिसतं. मंदिराचे आता फक्त पायाचे दगड आहेत.

टेकडीच्या पश्चिम पायथ्याला नुंगजिताप, दगडांचा बुटका चौथरा. राजा मुनमूचं दहन इथे झालं असं मानतात. मुनमू हा मुयॉलचा मुलगा. बेकजे मुयॉलच्या काळातच, 660 मध्ये पडलं होतं; मुनमूच्या काळात गोगुर्योही संपलं, आणि टांग चिनी सैन्यही मागे हटलं. 681 मध्ये तो वारला. त्याचं मृत्युपत्र ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात दिलं आहे आणि ते या सगळ्या टेकाडांवरचं भाष्य आहे. आशय असा: पराक्रमी राजाही शेवटी मातीचा ढीग होतो, त्यावर गुराखी गाणी म्हणतात, बाजूला कोल्हे-ससे बिळं करतात. त्यावर पैसा घालणं व्यर्थ, लोकांना कष्ट देणं व्यर्थ. दहा दिवसांनी पश्चिमेच्या देशाच्या रीतीने माझं दहन करा. पश्चिमेचा देश म्हणजे भारत. टेकाडांच्या राजधानीत टेकाड नको म्हणणारा हा राजा, आणि त्याने पर्याय म्हणून आपली रीत निवडली. मराठी वाचकाने हा चौथरा चुकवू नये.

जागा मुख्य रस्त्यापासून आत आहे, बोर्ड लहान आहे, नेव्हर मॅपवर कोरियन अक्षरांतलं नाव आधीच साठवून ठेवावं.

चौथा दिवस: रचलेलं लेणं

बुलगुकसाला 10 आणि 11 क्रमांकाच्या बस जातात, एकच फेरा उलटसुलट दिशेने. पोचल्यावर आधी वर जावं: बुलगुकसासमोरून 12 क्रमांकाची बस सॉकगुरामला जाते, तासाला साधारण एक. परत मात्र चालत उतरावं, 2.2 किलोमीटरची पायवाट, उतरायला पाऊण तास. उलट केलं तर चढ दमवतो आणि लेण्यासमोर पोचेपर्यंत गर्दी झालेली असते. 2023 पासून दोन्हीकडे प्रवेश मोफत.

सॉकगुराम 751 मध्ये सुरू झालं. अजिंठा-कार्ले पाहिलेल्या माणसाला ते लेणंच वाटेल: पुढे चौकोनी दालन, मग अरुंद वाट, मग गोल गर्भगृह आणि मधोमध सुमारे साडेतीन मीटरचा बसलेला बुद्ध. पण इथे काहीच कोरून आत गेलेलं नाही. सह्याद्रीचा बसाल्ट आत कोरता येतो. इथला ग्रॅनाइट त्याला दाद देत नाही. म्हणून साडेतीनशेहून अधिक दगड घडवून, रचून घुमट केला आणि वरून माती घातली. घुमटाच्या वरच्या रांगांमध्ये दगडांच्या मधून लांब दगडी खुंट्या मागच्या मातीत गेल्या आहेत. बाहेर दिसतं ते त्यांचं डोकं. मागचं वजन खुंटीला मागे खेचतं आणि पुढचा दगड आत पडत नाही. माती टाकलेली दगडी खोलीच ती, फक्त मृताच्या जागी बुद्ध. तिसऱ्या दिवसानंतर हे पाहिलं तर नातं लगेच लक्षात येतं.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. 1913 ते 1915 मध्ये जपानी राजवटीने घुमट सोडवून पुन्हा रचला आणि भोवती काँक्रीटचं जाड कवच घातलं. दगडांच्या फटींतून हवा खेळायची ती थांबली. खालून वाहणाऱ्या झऱ्याचं पाणीही वळवलं गेलं. हे थंड पाणी जमीन गार ठेवायचं आणि दमट हवेतलं पाणी मूर्तींऐवजी जमिनीवर जमायचं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. दुरुस्तीनंतर मूर्तींवर पाणी आणि शेवाळ येऊ लागलं. शेवाळ काढायला वाफेचा मारा केला, त्याने दगडाचीच हानी झाली. 1960 च्या दशकात बाहेरून दुसरा घुमट आणि पुढे लाकडी दालन बांधलं. आज यंत्रांनी हवा कोरडी ठेवतात आणि आपण काचेबाहेर उभे राहतो. आत जाता येत नाही, फोटो काढता येत नाही. काचेवर प्रतिबिंब पडतं, म्हणून उजव्या-डाव्या बाजूला सरकून पाहावं. मागच्या भिंतीवरची अकरा मुखांची अवलोकितेश्वर मूर्ती बुद्धाच्या आड झाकलेली असते, ती इथून दिसतच नाही. गावातल्या संग्रहालयात तिची माहिती आधी पाहून यावी.

बुलगुकसाचं लाकूडकाम सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी स्वारीत जळलं, आताचं पुष्कळसं 1969 ते 1973 मधलं आहे. दगडी जिने आणि अंगणातले दोन मनोरे मात्र आठव्या शतकातले. साध्या सॉकगाताप मनोऱ्याला 1966 मध्ये चोरांनी धक्का लावला. दुरुस्तीसाठी उघडला तर आत लाकडी ठशांनी छापलेलं धारणीसूत्र, म्हणजे बौद्ध मंत्रांचा ग्रंथ, निघालं, जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांपैकी एक.

वेळ उरला तर बुलगुकसाच्या दक्षिणेला राजा वॉनसॉंगची (785 ते 798) समाधी. टेकाड आता ठेंगणं, पण पायथ्याच्या दगडी कडेवर बारा राशींचे प्राणी कोरले आहेत, आणि वाटेवर सिंह, अधिकारी आणि दोन सैनिक. या सैनिकांच्या खोल डोळ्यांवरून, मोठ्या नाकावरून आणि कुरळ्या दाढीवरून ते मध्य किंवा पश्चिम आशियातले असावेत असं म्हणतात. टॅक्सी करावी आणि थांबवून ठेवावी, तिथून परत टॅक्सी मिळत नाही.

पाचवा दिवस: समुद्रातला राजा

150 क्रमांकाची बस डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्याला जाते, तासाहून थोडं जास्त. फेऱ्या कमी आहेत, म्हणून उतरताच परतीची वेळ पाहून ठेवावी.

आधी कामुनसाच्या जागेशी उतरलो. मुनमूने सुरू केलेलं हे मंदिर त्याच्या मुलाने 682 मध्ये पूर्ण केलं. दोन दगडी मनोरे, टोकाच्या लोखंडी दांड्यासह 13 मीटरहून उंच, शेतांच्या वर उभे आहेत. त्यांच्यामागे मुख्य दालनाचा पाया. दालनाच्या जमिनीखाली दगडी तुळया टाकून मोकळी पोकळी ठेवली आहे. राजा ड्रॅगन होऊन समुद्रातून ओढ्याच्या वाटेने इथे येऊ शकेल, अशी ती सोय. एरवी पाया भरीव करतात, इथे मुद्दाम पोकळ. वाकून पाहिलं तर तुळया आणि त्यांखालचे टेकू स्पष्ट दिसतात.

तिथून दीड-दोन किलोमीटरवर बोंगगिलचा किनारा. समोर सुमारे 200 मीटरवर पाण्यात खडकांचा पुंजका, देवांगाम. मधोमध चारी दिशांनी पाणी येईल असे चर, आणि मधल्या डोहात एक मोठी सपाट शिळा. मुनमूच्या अस्थी त्या शिळेखाली ठेवल्या की इथल्या पाण्यात सोडल्या, यावर अभ्यासकांत एकमत नाही. अस्थिविसर्जन माहीत असलेल्या माणसाला दुसरं मत लगेच पटतं. खडकापर्यंत नेणारी होडी नाही, आणि किनाऱ्यावरून मधला डोह दिसत नाही. तो दिसतो वरून घेतलेल्या छायाचित्रांत, म्हणून ती आधी पाहून जावी.

किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. चपला घालून चालणं अवघड जातं. इथे मुदांग, म्हणजे कोरियाच्या देवऋषिणी, तंबू टाकून ढोल-झांजांनी विधी करतात, पुढे फळं आणि सुकी मासळी मांडलेली असते. विधी चालू असताना फोटो काढू नयेत. परतीच्या बसला थांबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. बुसानला जायचं असेल तर ग्योंगजूच्या बसस्थानकातूनच सुटणारी गाडी धरावी, आणि सामान सकाळीच तिथल्या कुलपाच्या कपाटात ठेवून यावं.